पुणे जिल्ह्यात शेतीचं अनुदान: कुणाला मिळतं आणि नवख्यानं सुरुवात कुठून करायची

वडिलोपार्जित जमीन नुकतीच नावावर आली असेल, नोकरी सोडून गावी परतला असाल, किंवा आजवर थोरला भाऊ बघत होता ते सगळं आता तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर योजनांची यादी शोधत बसू नका. आधी सातबारा काढा. शेतीचं जवळपास प्रत्येक अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं. रान प्रत्यक्षात कोण कसतं हे फारसं कुणी विचारत नाही. मावळात किंवा पुरंदरला वाट्यानं रान करणारा वर्षभर राबतो आणि पी.एम. किसानचा हप्ता मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर पडतो, हे आपल्याकडे नवं नाही.

सातबारा हातात येईपर्यंत एवढं समजून घ्या की ‘अनुदान’ या एका शब्दाखाली चार वेगळे व्यवहार चालतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

पैसा कोणत्या वाटेनं येतो

पहिली वाट थेट खात्यात येणाऱ्या रकमेची. केंद्राच्या पी.एम. किसानमधून वर्षाला ६,००० रुपये मिळतात, २,००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढीच भर पडते. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, पी.एम. किसानला पात्र असलात की नाव आपोआप येतं.

दुसरी वाट वस्तूवरच्या अनुदानाची: ठिबक, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, शेततळं, कांदाचाळ, शेडनेट, फळबाग. लोक ‘सबसिडी’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. यातल्या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतात आणि नवख्याचं गाडं अडतं तेही इथेच, म्हणून पुढे यावर जास्त लिहिलं आहे.

तिसरी वाट दिसत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार खत कंपनीला देतं. तुमचा संबंध दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावण्यापुरता. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरतं, ही सवलत मार्च २०२९ पर्यंत जाहीर झाली आहे. गावच्या सहकारी सोसायटीमार्फत घेतलेलं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. इथे मुदत म्हणजे मुदत. एक दिवस चुकला की सवलत गेली.

चौथी वाट नुकसानीची: पीकविमा आणि अतिवृष्टी-गारपिटीची मदत. तिचे नियम निराळे आहेत, त्याबद्दल शेवटाकडे.

तिसऱ्या वाटेबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो. ज्याच्याकडे पाणी आणि रान जास्त, त्याचं खत आणि वीजही जास्त, म्हणजे सवलतही त्यालाच जास्त. इंदापूर, बारामती, दौंडच्या कालव्याखालचा ऊसवाला आणि राजगड तालुक्यातला (परवापर्यंतचं वेल्हे) पावसावर भात घेणारा, दोघंही कागदावर ‘शेतकरी’ आहेत. मोफत विजेचा उपयोग मात्र ज्याची मोटर आहे त्यालाच होतो. अनुदान कुणाला मिळतं याचं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि ते कुठल्याही लाभार्थी यादीत छापलेलं नसतं.

सातबारा बारकाईनं वाचा

डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा-पंधरा रुपयांत निघतो. काढल्यावर नुसता फाइलला लावू नका, या जागा बघा.

नाव. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि सातबाऱ्यावर ‘दत्तू’ असेल तर पुढे प्रत्येक टप्प्यावर घोडं अडणार. वडिलांचं नाव, आडनावाची वेलांटी, लग्नानंतर बदललेलं नाव, सगळं ताडून पाहा. दुरुस्ती आधारवर सोपी की सातबाऱ्यावर, हे ठरवून एक बाजू आजच दुरुस्त करायला टाका.

क्षेत्र. ‘०.८२.००’ म्हणजे शून्य हेक्टर ८२ आर, सुमारे दोन एकर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक, त्यावर ‘इतर’. अनुदानाचा टक्का यावर ठरतो. पण मोजताना एकाच गटाचं क्षेत्र धरू नका. सगळ्या गावांतली, सगळ्या गटांतली तुमची जमीन मिळून बघायची असते. आठ-अ त्यासाठीच लागतो, तो एका गावातल्या तुमच्या खात्यावरची सगळी जमीन दाखवतो.

हिस्सा. तीन भाऊ आणि दोन बहिणींची नावं एकाखाली एक आणि समोर एकच सामायिक क्षेत्र, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. अशा खात्यावर वस्तूचं अनुदान घ्यायचं तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. घरात बोलणं बंद असेल तर अर्जाच्या आधी तो प्रश्न सोडवा. पोर्टल तुमच्यासाठी थांबत नाही.

इतर हक्क. बँकेच्या कर्जाचा बोजा इथे दिसतो. बोजा असला म्हणून अनुदान नाकारलं जातं असं नाही, पण काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत हवं.

आणि गाव नमुना बारा, म्हणजे खालचा पिकांचा तक्ता. विहीर किंवा बोअरची नोंद इथे नसेल तर ठिबकच्या अर्जाला अडचण येते. रानात विहीर आहे, सगळं गाव तिचं पाणी पितं, पण कागदावर ती नाही, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील. पिकाची नोंद आता तुम्हीच मोबाइलवरून ई-पीक पाहणी करून लावायची असते. हंगामाची मुदत गेली आणि तक्त्यात ‘पड’ राहिलं की विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे तीच नोंद आडवी येते.

जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद ही तुमची पहिली पायरी. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (पदाचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. नोटिशीचे १५ दिवस हरकतीसाठी जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावाचा बदल, मंजूर करतात. हे झाल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही.

घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायचं असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खुरपणी, लावणी, काढणी, भाताची आवणी, सगळं बायका करतात, आणि यंत्राच्या अनुदानात महिला शेतकऱ्याला जास्त टक्का आहे. पण तो टक्का घ्यायला नाव कागदावर लागतं. ही साधी गोष्ट घरोघरी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

शेतकरी ओळख क्रमांक

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी अ‍ॅग्रीस्टॅकचा (सरकारच्या शेतकरी नोंदणी प्रणालीचा) शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. सीएससी केंद्रावर (गावोगावच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर) किंवा स्वतः पोर्टलवर नोंदणी होते. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. नोंदणीत आपले सगळे गट जोडले गेलेत का ते केंद्र सोडण्याआधी तपासा. एक गट राहिला की तुमचं क्षेत्र कमी दिसतं आणि त्या गटावर अर्जच करता येत नाही.

बँकेचंही याच फेरीत बघून घ्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात, अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतीलच असं नाही. मधे कुठल्या तरी बँकेत नवं खातं काढताना आधार दिलं असेल, तर रक्कम त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असं सरळ विचारा.

पी.एम. किसानमधून कोण बाहेर

इथे पुणे जिल्ह्यात गफलत फार होते, कारण शेतीसोबत नोकरी असलेली घरं जास्त. आयकर भरणारे, सरकारी नोकर आणि निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सी.ए., आर्किटेक्ट, आजी-माजी आमदार-खासदार, आणि संस्थांच्या नावावरची जमीन, हे सगळे अपात्र. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. त्यात लाभ एकालाच. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनं आली असेल तर नाव बसत नाही, वारसानं आली असेल तर बसतं.

अपात्र असताना घेतलेले हप्ते वसूल होतात. चाकणच्या कंपनीत नोकरी, रिटर्न भरलेलं आणि खात्यावर किसानचा हप्ता, असं असेल तर नोटिशीची वाट न पाहता स्वतःहून नाव काढून घ्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पी.एम. किसान’ नावाची एपीके फाइल आली तर हात लावू नका. ती उघडली की खातं रिकामं होतं. सरकार अशी फाइल पाठवत नाही.

महाडीबीटी: पायरीपायरीनं

आधी काय घ्यायचं ते ठरवा आणि टक्का समजून घ्या. ठिबक-तुषारला केंद्राची ‘प्रति थेंब अधिक पीक’ आणि राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात, पाच हेक्टरच्या मर्यादेत. ट्रॅक्टरला अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना किमतीच्या ५० टक्के पण कमाल १ लाख २५ हजार. इतरांना ४० टक्के पण कमाल १ लाख. वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५ हजार.

हा ‘टक्का’ फसवा आहे. ८० टक्के हे तुमच्या बिलाचे नसतात, सरकारनं ठरवलेल्या मापदंडाचे असतात. समजा तुमच्या क्षेत्राला मापदंडानं ठिबकचा खर्च एक लाख बसतो आणि डीलरचं बिल झालं सव्वा लाख. अनुदान ८०,००० मिळणार, तुमच्या खिशातून ४५,००० जाणार; २५,००० नाही. म्हणून कोटेशन घेताना डीलरला दोन लॅटरलमधलं (ठिबकच्या नळ्यांमधलं) अंतर धरून मापदंड किती बसतो हे विचारा. मापदंड त्या अंतरावर ठरतो.

मग पोर्टलवर लॉगिन, बाब निवडणं, अर्ज जतन करणं आणि २३ रुपये ६० पैसे भरणं. हे पैसे भरले नाहीत तर अर्ज दाखल झालेलाच नसतो. जतन केला म्हणजे झालं असं समजून वर्षभर वाट बघणारे कमी नाहीत. २०२५-२६ पासून लॉटरी बंद झाली आहे आणि आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी असा नियम आहे. त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ परवडत नाही.

निवड झाल्याचा एसएमएस आला की मुदतीत कागद चढवायचे: सातबारा, आठ-अ, कोटेशन, यंत्र असेल तर त्याचा तपासणी अहवाल, ट्रॅक्टरचलित अवजार असेल तर ट्रॅक्टरचं आरसी बुक, लागू असेल तर जातीचा दाखला. मोबाइल नंबर केंद्रचालकाचा दिला असेल तर हा एसएमएस त्याला जातो, तुम्हाला नाही. नंबर स्वतःचाच द्या.

यानंतर पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधी मिळणारी लेखी मंजुरी. या लेखातलं दुसरं काहीही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी काहीही विकत घेऊ नका. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की अर्ज बाद. डीलर सांगेल, ‘घेऊन टाका हो, बिल नंतरचं देतो.’ त्याचा माल खपतो, अनुदान अडकलं तर तुमचं अडकतं. ‘सबसिडी वजा करून द्या, बाकीचं आम्ही बघतो’ हेही असंच. कोऱ्या फॉर्मवर सही आणि अंगठा देऊन मोकळं होणं सोपं वाटतं, पण त्या अर्जाचा धनी मग दुसराच होतो.

पूर्वसंमतीत दिलेल्या मुदतीत खरेदी करा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, पैसे स्वतःच्या खात्यातून द्या, बिल चढवा. मग मोका तपासणी. कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) रानात येऊन फोटो घेतात. त्या दिवशी ठिबक जोडलेलं, यंत्र जागेवर आणि तुम्ही स्वतः हजर असायला हवं. ठिबकचं अनुदान त्याच क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही, म्हणून घाईत कसंही अंतर टाकून घेऊ नका.

तपासणीनंतर पैसे लगेच येतील या हिशेबात राहू नका. निधी येईल तसे वाटप होतं आणि महिनोन्‌महिने थांबावं लागतं. आधी सगळा खर्च स्वतः करायचा, अनुदान मागाहून, अशी ही रचना आहे. म्हणजे ज्याच्याकडे लाख-सव्वा लाख फिरवायची ऐपत आहे तोच ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. अत्यल्प भूधारकाला टक्का जास्त ठेवला आहे खरा, पण उचल घेऊन व्याज भरायला लागला की त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो. हातात पैसे नसतील तर मोठ्या बाबीपेक्षा तुषार संच, पंप, बियाणं अशा छोट्या बाबींपासून सुरू करा.

इतर योजनांची दारं

सौर पंप हवा असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना महावितरणकडे आहे. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात अश्वशक्ती.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि आदिवासींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती या योजना जिल्हा परिषदेचा कृषी विभाग राबवतो. नव्या विहिरीचं अनुदान २०२४ मध्ये चार लाखांपर्यंत वाढवलं. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांसाठी ही मोठी रक्कम आहे. त्याची चौकशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करायची, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे नाही. ही दोन कार्यालयं वेगळी आहेत, आणि चुकीच्या दारात अर्धा दिवस घालवणं हा नवख्याचा ठरलेला कार्यक्रम असतो.

फळबागेला भाऊसाहेब फुंडकर योजनेत तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं अनुदान मिळतं, पण झाडं जगली तर. पुरंदरला अंजीर-सीताफळ लावायचं तर पाण्याचा अंदाज आधी घ्या, अर्ज नंतर.

यूट्यूबवर ‘पोकरा’चे (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे) व्हिडिओ बघून पुष्कळजण तालुक्याला विचारायला येतात. तो प्रकल्प विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या निवडक गावांसाठी आहे. आपल्या जिल्ह्यात नाही.

नुकसान झालं तर

एक रुपयात विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. एकट्या तुमच्या रानातलं नुकसान त्यात मोजलं जात नाही, हे समजून हप्ता भरा. वाटेकरी किंवा भाडेपट्ट्यानं करणाऱ्याला विमा घेता येतो, पण करार नोंदणीकृत हवा. तोंडी वाट्यावर रान देण्याची आपली रीत इथेही आडवी येते.

अतिवृष्टीची मदत वेगळी. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर पंचनामा करून जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० असे दर आहेत, दोन हेक्टरपर्यंत. राज्य कधी कधी तीन हेक्टरपर्यंत वाढवतं. पंचनाम्याच्या दिवशी गावात नसलात तर निदान शेजाऱ्याला सांगून ठेवा आणि तारीख दिसेल असे फोटो काढा.

शेतकरी किंवा घरातला एक सदस्य अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख मिळतात, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत द्यायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून भावकीतल्या कुणीतरी लक्ष घालावं.

गावची यादी बघा

पी.एम. किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की लाभार्थ्यांची नावं दिसतात. महाडीबीटीवरही निधी वितरित झालेल्यांची गावनिहाय यादी बघायला मिळते. एका संध्याकाळी दोन्ही बघा. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं म्हणून नाही; तुमच्या गावात कोणत्या बाबींना खरोखर पैसे मिळतात, कोणता डीलर काम नीट करतो, कुणाला पुढची वाट विचारायची, हे त्यातून कळतं. एकाच घरातली चार नावं आणि अख्ख्या वाडीतलं एकही नाही, असं दिसलं तर तो प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. बहुधा त्या वाडीत वारस नोंदी झालेल्या नसतात, किंवा तिथपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं.

स्वतःचा अर्ज अडकला तर आधी सहायक कृषी अधिकारी, मग मंडळ कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी, त्यावर उपविभागीय आणि शेवटी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे म्हणून पहिल्याच दिवशी ते गाठू नका. तिथून कागद पुन्हा तालुक्यालाच येतो. तोंडी विचारण्यापेक्षा अर्ज क्रमांक लिहून पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या. तरी उत्तर आलं नाही तर तालुका कृषी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात एवढंच विचारा: माझा अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून, आणि माझ्यानंतर अर्ज केलेल्या किती जणांना याच बाबीची पूर्वसंमती मिळाली. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, आणि ते नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच विभागाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.